गंज गळत नव्हता

एका काचेच्या नळीपायी मी चार वर्षे खोटे बोललो. ही गोष्ट मी पत्नीला सांगितली नव्हती, वरिष्ठांना सांगितली नव्हती, आणि सकाळी देवापुढे हात जोडताना मनात आली तर मी घाईने दुसरे काही आठवत असे. त्याहून वाईट असे की ते खोटे मी सरकारच्या तोंडी घातले. "वरून हुकूम आला आहे," असे मी एका अख्ख्या गावाला सांगितले. असा हुकूम कधीच आला नव्हता.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी कळवले की माझ्याजवळ आठवणी नाहीत. मी तीस वर्षे पाऊस मोजला, एवढेच. त्यांनी उलट टपाली लिहिले, "तेच लिहा." गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून सकाळचे साडेआठ वाजले की माझे हात रिकामे वाटतात. तेव्हा लिहितो.

आमची चौकी रिसोडहून रिठदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका लहान गावात होती. गावाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे हे वाचतील तेव्हा आपोआप ओळखतील आणि हसतील. दोन खोल्या, पुढे ओसरी, बाजूला तारेचे कुंपण आणि कुंपणात पाऊस मोजण्याचे यंत्र. माणसे दोनच. मोजणी कारकून मी, आणि चौकीदार चाँदभाई. चाँदभाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठे होते, मला 'बाबूजी' म्हणत, आणि मला जे ऐकायचे नसे ते नेमके हळू आवाजात सांगत. गावाने मला 'पाऊसबाबू' असे नाव दिले होते. पाऊस लांबला की या नावात थोडी धार येई.

यंत्र या शब्दाने वाचकांनी दबून जाऊ नये. उघड्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर एक नरसाळे बसवलेले असते. त्यात पडलेले पाणी खालच्या बाटलीत साठते. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचे फाटक उघडायचे, बाटलीतले पाणी एका उभ्या काचेच्या नळीत ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, नळीवरची रेघ वाचायची आणि आकडा नोंदवहीत लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. "रकाना कोरा सोडू नका," असे माझ्या आधीचे वृद्ध कारकून मला बजावून गेले होते. "शून्य म्हणजे आभाळ झोपलं होतं. कोरा रकाना म्हणजे तुम्ही झोपला होता."

सांभाळायची गोष्ट एकच, नरसाळे आणि नळी यांची जोडी. यंत्रे दोन मापांची असत. एकाचे तोंड दुसऱ्याच्या नेमके दुप्पट. मोठ्या तोंडात पाणीही दुप्पट पडते, म्हणून त्याच्या नळीवरच्या रेघा निराळ्या. आमचे यंत्र मोठ्या तोंडाचे होते. मोठ्या तोंडाचे पाणी लहान यंत्राच्या नळीत ओतले, तर कागदावर पाऊस दुप्पट होतो. नव्याने शिकायला आलेल्या कारकुनांना मी हे बोट उगारून सांगत असे. वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. मी ठेवले नाही.

त्याच वृद्ध कारकुनांनी आणखी एक प्रथा मागे ठेवली होती. नोंदवहीत आकडा लिहून झाला की तोच आकडा ओसरीच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या फळ्यावर खडूने लिहायचा. वरच्या ओळीत कालचा पाऊस, खालच्या ओळीत मृगापासूनची बेरीज. असे करावे असा नियम नव्हता. करू नये असाही नव्हता. फळ्याचे तोंड विहिरीच्या वाटेकडे होते, त्यामुळे पाण्याला जाणाऱ्या बायका, वावरात निघालेले गडी, एस्.टी.ची वाट पाहणारे पाहुणे, सारे त्याच्यापुढून जात. माझ्या नोकरीतले सारे सुख त्या फळ्यापुढे उभे असे.

इंचांचे मिलिमीटर झाले, त्या पहिल्या मोठ्या पावसाची सकाळ मला आठवते. आदल्या वर्षी असा पाऊस झाला असता तर मी फळ्यावर 'दोन' लिहिले असते. त्या दिवशी लिहिले एकावन्न. एक म्हातारे पाटील काठी टेकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"बाबू, एका रात्रीत एकावन्न?"

"माप बदलले आहे, आजोबा. पाऊस तेवढाच आहे."

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "दोनापरीस एकावन्न बरं वाटते." आणि खरोखरच घरी जाऊन त्यांनी गूळ वाटला.

दोन चुलतभावांची मधली मातीची भिंत पडली होती. एक म्हणे पावसाने पडली, दुसरा म्हणे तुझ्या म्हशीने अंग घासून पाडली. पंचांनी दोघांना माझ्याकडे धाडले. मी नोंदवही उघडून दाखवली: भिंत पडली त्याच्या आधीचे सहा दिवस शून्य, शून्य, शून्य. म्हशीचा मालक म्हणाला, "मंग आता म्हशीचाही जबाब घ्या, बाबू."

आणि मेडशीकडचे ते सासरे! निंदणीच्या ऐन घाईत आमच्या गावातल्या त्यांच्या जावयाने निरोप धाडला होता की नाल्याला पूर आहे, येता येत नाही. सासरे चांगले दोन एस्.ट्या बदलून आले ते थेट फळ्यापाशी. फळ्यावर कालचाही शून्य, परवाचाही शून्य. जावई संध्याकाळी पदराआड लपवल्यासारखी टोपीत चार कणसे घेऊन माझ्याकडे आला. "बाबू, पाच तरी लिवा ना. माही इज्जत राह्यते." मी कणसे परत केली. त्या दिवशी माझ्या सचोटीचा मला फार अभिमान वाटला होता. म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते.

फळ्याची सर्वात नेमाची वाचक होती पंचफुलाबाई. नाल्याकाठी तिचे तीन एकर वावर आणि त्यातच घर. तिचा नवरा यादवराव आणि ती, दोघेही आपल्या वडीलधाऱ्यांबरोबर बौद्ध झालेली, कष्टाळू, कोणाच्या दारात न वाकणारी माणसे. डोक्यावर हंडा घेऊन ती फळ्यापुढे थांबे, आकडे न्याहाळी आणि निघून जाई. मला वाटे, विसावा घेते.

विसावा नव्हता तो. एका पावसाळ्यात तिने घरातला गंज, म्हणजे आमच्या भागात वरणभाताला वापरतात ते सपाट तळाचे, सरळ उभ्या कडांचे भांडे, अंगणातल्या दगडावर मांडले. सकाळी आत साठलेल्या पाण्यात ज्वारीच्या ताटाचा सोललेला धांडा उभा धरायचा, भिजला तेवढा तुकडा विळ्याने कापायचा आणि दाभणाने दोऱ्यात ओवायचा. पाऊस नसेल त्या दिवशी दोऱ्याला एक गाठ. नक्षत्र संपले की माळ संपली. प्रत्येक माळेला नक्षत्राची वेगळी चिंधी. माळा चुलीवरच्या धुरात टांगलेल्या, म्हणजे किडा लागत नाही. यादवराव चारचौघांत सांगत, "आमच्या घरी गंजात पाऊस शिजते, अन् वरन बिचारं भगोन्यात."

मी ऐकले तेव्हा कौतुकाने हसलो होतो. तिनेही रकाना कोरा सोडला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

दुष्काळाचे ते साल. जुलैचे पहिले चार-पाच दिवस कोरडे गेले होते. पुनर्वसू नक्षत्र लागले त्याच दिवशी सकाळी नळी धुताना माझी बोटे ओली होती. नळी निसटली आणि ओट्याच्या दगडावर पडली. आवाज अगदी लहान झाला.

चाँदभाई झाडू घेऊन आले. "टूटी तो टूटी, बाबूजी. कागज लिखो, भेज दो. कांच टूटने से किसी की नोकरी नई जाती."

ते खरे होते, आणि मला ठाऊक होते. पण त्या वर्षी माझ्या बढतीचा विचार चालला होता, आणि 'पंचवीस वर्षांत एक काच फुटू दिली नाही' हे वाक्य मी वरिष्ठांपुढे इतक्यांदा बोललो होतो की ते मोडण्याची मला लाज वाटली. कोठीत एका बंद झालेल्या चौकीचे सामान पेंढ्यात बांधून ठेवले होते. त्यात एक नळी मिळाली. तितकीच उंच, तितकीच स्वच्छ. तिच्या बुडाशी ती कोणत्या यंत्राची ते बारीक अक्षरांत कोरलेले होते. मी ते वाचले नाही. बोट उगारून इतरांना शिकवणाऱ्याला स्वतः वाचण्याची गरज वाटत नाही.

पाऊस थोडा होता, म्हणून दुप्पट झालेलाही फारसा डोळ्यांत भरत नसे. चार पडला की फळ्यावर आठ. गावकरी कुरकुरत, "वावरात धूळ अन् बोर्डावर चिखल." मला वाटे, दुष्काळात माणसे सगळ्यांवरच चिडतात. महिना संपला, महिन्याची बेरीज मी नेमाप्रमाणे वर धाडून दिली.

आश्लेषा लागली त्या सकाळी पंचफुलाबाई डोक्यावर हंडा आणि काखेत गंज घेऊन आली. बरोबर दोन माळा. ओसरीवर दहा-बारा माणसे बसली होती.

"बाबू, पुनर्वसू झालं, पुष्य झालं. तुमचा पाऊस माह्या पावसाच्या डबल पडून राह्यला."

"बाई, हे सरकारी यंत्र आहे."

"म्हनूनच इचारून राह्यली. सरकारचं आभाळ अलग हाय काय?"

ओसरी हसली. तिच्या बोलण्यावर हसली. मला वाटले, माझ्यावर हसली. मी मूळचा हळू बोलणारा माणूस. माझ्या वर्गातल्या शिक्षकांनाही माझे उत्तर ऐकायला पुढे वाकावे लागे. त्या दिवशी मात्र रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "पंचफुलाबाई, तुमचा गंज गळतो! आधी त्याला कासाराकडून डाग लावून आणा."

हसण्याची दिशा बदलली. तिने हंड्यातले पाणी ओतून गंज पायरीवर भरला आणि शेजारी बसून राहिली. तासभर. पायरीचा दगड कोरडा तो कोरडाच. पण तोपर्यंत माणसे आपापल्या कामाला निघून गेली होती. साक्षीला राहिले फक्त चाँदभाई, आणि खिडकीच्या गजाआड मी.

ती गेल्यावर मी नळी उलटी करून बुडाची अक्षरे वाचली.

पुढचे मी फार टापटिपीने केले. वाशीमला जाऊन ओळखीच्या माणसाकडून योग्य नळी मिळवली. नोंदवहीतले त्या महिन्याचे पान नव्याने लिहून आकडे निम्मे केले, म्हणजे खरे केले. पण वर गेलेली बेरीज परत बोलावता येत नव्हती. आणि फळ्यावरची बेरीज तर गावाला पाठ होती. ती एका रात्रीत उतरली असती तर शेंबड्या पोरानेही कारण विचारले असते. म्हणून मी फळाच उतरवला. आत, कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवला. विचारणाऱ्याला सांगितले, "वरून हुकूम आहे. सरकारी आकडे बाहेर लिहायचे नाहीत."

गावाने लगेच मानले. याचे मला आजही वाईट वाटते. सरकार काहीतरी लपवते, हे लोकांना इतके साहजिक वाटले की एकानेही हुकमाचा कागद मागितला नाही. आणि लपवत सरकार नव्हतेच, एक भित्रा कारकून लपवत होता. दुष्काळी कामे पिकाच्या पाहणीवरून ठरली, गावाला ती मिळाली, माझ्या आकड्याने कोणाच्या तोंडचा घास गेला नाही. हे माझे नशीब. त्यात माझे पुण्य काही नाही.

पंचफुलाबाईला मात्र नाव पडले. लग्नकार्यात, बाजारात, जात्यावर. "आली वं, गळकी गंज!" ती विहिरीवर जाताना भिंतीवरच्या त्या चौकोनी, उन्हाने न विटलेल्या डागाकडे एकदा पाही. चार वर्षांत तिने मला एक प्रश्न विचारला नाही. चाँदभाई मात्र दर पावसाळ्याच्या तोंडी विचारत, "बाबूजी, हुकूम की तारीख खतम नई हुई क्या?"

मग एका मे महिन्यात गावाच्या वर तलाव बांधायचे ठरले, आणि त्याच्या सांडव्याचा हिशेब करायला एक तरुण अभियंता आला. नम्र, पण आकड्यांच्या बाबतीत निर्दय. त्याने माझ्या नोंदवह्या आणि वर गेलेल्या महिन्यांच्या बेरजा शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली.

"दुष्काळाच्या वर्षीचा हा एक महिना पाहा. नोंदवहीत शहात्तर, वर धाडलेल्या कागदात एकशे बावन्न. कोणते खरे?"

"नोंदवहीतले."

"पुरावा?"

मी नोंदवहीच पुढे सरकवली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "एक महिना खोटा असेल तर बाकीच्यांवर मी कसा विसंबू? या चौकीचा आकडा विश्वासाचा नाही असे मला लिहावे लागेल. यंत्र इथून हलवतील. तलावाला रिसोडचा पाऊस धरू."

त्या संध्याकाळी चाँदभाईंनी चहा पुढे ठेवला आणि नेहमीसारखे हळूच म्हणाले, "बाबूजी, एक सबूत है गाव में. धुएं में लटका है."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी गेलो. पंचफुलाबाई सुपात तूर पाखडत होती. यादवराव बाजेवर.

"या बाबू. वाट चुकले काय?"

"पंचफुलाबाई, तुमच्या माळा अजून आहेत का?"

"कोन्त्या? गळक्या गंजाच्या?"

मी मान खाली घातली. यादवराव बाजेवरून म्हणाले, "हायेत बाप्पा, हायेत. चूल पेटवाले एक धांडा मांगतला त घरात लढाई होते."

"कायले पाह्यजेत?" तिने विचारले.

मी यंत्र जाणार असल्याचे सांगितले. तिचे सूप थांबले.

"मंग आपल्या गावचा पाऊस कोन लिहीन?"

"रिसोडचा आकडा आपल्या नावावर धरतील."

"व माय! तठी पडला त अठी ओलं होते काय?" ती उठली, पण माळा काढायला नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "देते. पन बोर्ड बाहेर पाह्यजे."

"त्याला..." मी सवयीने म्हणू लागलो.

"हुकूम आनला व्हता ना तुमी? मंग आता दुसरा आना." मग ती जरा खालच्या आवाजात बोलली. "बाबू, मी शाळेत गेली नाई. आकडे मी तुमच्या बोर्डावर शिकली. डोक्शावर हंडा घेऊन उभी राहू राहू शिकली. शून्य पैले आलं. मंग एक, मंग सात. नऊ अन् सहा लय दिवस उलटेपालटे व्हत होते. शंभराच्या पुढं आता जमलं असतं, त तुमी शाळाच उचलून आत नेली."

मी तीन एकरांच्या त्या बांधावरून परत कसा आलो ते मला आठवत नाही. एवढे आठवते की वाटेत मी स्वतःशी मोठ्याने बोलण्याचा सराव करीत होतो, आणि एक बैलगाडीवाला मला बरे आहे ना म्हणून विचारून गेला.

दुपारी ओसरीवर जत्रा भरली. पंचफुलाबाईने माळा टोपलीत घालून डोक्यावरून आणल्या होत्या, मागून यादवराव हातात गंज घेऊन, वाजतगाजत आल्याच्या थाटात. अभियंत्याने आधी गंज हातात घेतला. बुडावर बोट फिरवले, कडा पट्टीने तपासल्या आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

"उभ्या कडांच्या भांड्यात पावसाची उंची थेट मोजता येते. याला वेगळी नळी लागतच नाही." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "चुकायला जागाच नाही."

मी नोंदवही उघडली.

त्याने पुनर्वसूची पिवळ्या चिंधीची माळ उचलली. तो पट्टी लावून तुकडा मोजी, मी नोंदवहीतला आकडा वाची, आणि लोक निकाल दिल्यासारखे ओरडत. "चार!" "चार!" "गाठ!" "शून्य!" "गाठ!" "शून्य!" "नऊ!" तो नऊचा तुकडा पट्टीवर साडेआठ भरला, तेव्हा यादवराव म्हणाले, "धुरानं वाळलं अशीन बाप्पा, सोडून द्या," आणि सगळे खदखदून हसले. पुनर्वसू जुळले. पुष्य जुळले. महिन्याचे तुकडे त्याने एकमेकांना भिडवून माझ्या हातावर ठेवले. एका महिन्याचा पाऊस माझ्या तळहातावर मावला.

खात्री पटावी म्हणून त्याने पुढच्या सालांच्या माळाही लावून पाहिल्या. मग लोकांना खेळच सुचला. दुष्काळाच्या सालच्या साऱ्या माळा एकाखाली एक धरल्या तर यादवरावांच्या गुडघ्याला लागल्या. गेल्या चांगल्या सालच्या धरल्या, त्या कमरेच्या वर गेल्या. "पाह्य माय, सुकाळ कमरेलोक!" म्हणून बायका टाळ्या पिटू लागल्या. ज्या बाईला चार वर्षे हसले, तिच्याकडे लोक आता वेगळ्याच नजरेने पाहत होते. आणि तिचे लक्ष कोणाकडेच नव्हते. ती भिंतीवरच्या चौकोनी डागाकडे पाहत होती.

"नोंदवही खरी," अभियंता उठून हात झाडत म्हणाला. "यंत्र इथेच राहील. वर गेलेला कागद चुकला होता, एवढे मी लिहितो." मग मला वाचवायच्या चांगुलपणाने हळूच म्हणाला, "कारण समजत नाही, असे लिहू ना?"

सुटकेचे दार उघडे होते. मी निघून जाऊ शकत होतो. चाँदभाईही मदतीला धावले, "साब, पुरानी बात है..."

मी चाँदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेलो. कपाटामागून फळा ओढून काढला. त्याच्यावर चार वर्षांची धूळ होती, आणि धुळीखाली मी पुसायला विसरलेला शेवटचा आकडा होता. दुप्पट झालेला. तो तसाच बाहेर आणला. चाँदभाई आणि मी, दोघांनी धरून तो जुन्या खिळ्यांवर टांगला; खिळे जागच्या जागी होते.

मग मी बोललो. नळी कशी फुटली, दुसरी कोणती वापरली, पान का बदलले, हुकूम कोणी काढला. बोलून झाल्यावर कळले की ओसरीवर अगदी शांतता आहे, आणि मागची माणसे कानाला हात लावून पुढे वाकली आहेत. मी नेहमीच्याच आवाजात बोललो होतो.

पंचफुलाबाईने खडू उचलला. फळ्यासमोर उभी राहून माझ्याकडे वळली.

"मोठ्यानं बोला, बाबू. गंज गळते म्हनलं, तवा पार रस्त्यालोक आयकू गेल्तं."

कोणीतरी हसले, मग सारे हसले, आणि त्या हसण्यात मला कोणताही काटा लागला नाही. मी ओसरीच्या कडेला, पायरीवर, जिथे तिने चार वर्षांपूर्वी गंज भरून ठेवला होता तिथे उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला.

"पंचफुलाबाई," मी विहिरीवरच्या बायकाही थांबून पाहतील इतक्या मोठ्याने म्हणालो, "तुमचा गंज गळत नव्हता. मी खोटे बोललो. हुकूम कोणाचाच नव्हता. पाऊस तुमच्या वावरातला होता, आणि तो मी तुमच्यापासून लपवला. मला क्षमा करा."